थंडगार हुकूम

तडीपार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दाढी वाढलेला, डोळे तांबारलेला आणि मुख्य म्हणजे लांब कुठेतरी गेलेला माणूस उभा राहतो. कुलूपवाला या तिन्ही बाबतींत नापास होता. दाढी तो रोज करायचा, डोळे चष्म्याआड स्वच्छ होते, आणि गेला होता तो मोजून बावीस पावलं. रस्त्याच्या त्या बाजूला त्याचं दुकान, दुकानावर घर, घरात बायको आणि म्हातारे वडील. या बाजूला चहाची टपरी, लाल टपालपेटी आणि तो. टपरीमागची एक खोली त्याने राहायला घेतली होती. मधे रस्ता आणि रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे दंडाधिकारी साहेबांची हद्द.

साहेबांनी त्याला दोन वर्षांसाठी 'माझ्या हद्दीतून' बाहेर घातलं होतं. शेजारची हद्दही हुकुमात घालता येते, पण ती का घातली याची कारणं लिहावी लागतात, आणि कारणं लिहायची तर आणखी एक पान लागतं. त्या पानाचा कंटाळा झाला म्हणून कुलूपवाल्याला रेघेपलीकडे उभं राहून स्वतःचं दुकान बघता येत होतं. हे सुख म्हणायचं की शिक्षा, ते चार महिन्यांत त्याचं ठरलं नव्हतं.

बसवत तर नव्हतंच. टपरीपासून टपालपेटीपर्यंत एकेचाळीस पावलं, परत एकेचाळीस. हातात एक जुनं कुलूप. चालता चालता ते उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं.

"बसा हो जरा," टपरीवाला म्हणायचा. "तुमच्याकडे बघून माझं दूध उतू जातं."

झालं होतं असं, की वस्तीत एका महिन्यात पाच घरफोड्या झाल्या आणि एकाही घराचं कुलूप फुटलं नव्हतं. पोलिसांनी सरळ गणित मांडलं. न फोडता कुलूप कोण उघडतं? कुलूपवाला. खटला भरायचा तर पुरावा लागतो, तडीपारीला संशय पुरतो, असा ठाण्यावर समज होता. कायदा तसं म्हणत नाही, पण कायद्याचा आवाज पहिल्यापासून बारीक. पुराव्यादाखल दोन गुप्त जबाब होते. दोन्ही साक्षीदारांचं म्हणणं एकच, की या इसमाची एवढी दहशत आहे की आम्ही उघडपणे बोलू शकत नाही.

"माझी दहशत?" कुलूपवाल्याने हवालदारांना विचारलं होतं. "कुणावर?"

"ते गुप्त आहे," हवालदार म्हणाले.

"निदान घरात तरी दाखवा म्हणावं एकदा," त्याची बायको म्हणाली होती.

तो गेल्यावरही वस्तीत दोन घरं फुटली. तेव्हा ठाण्यावर असं ठरलं, की तो पलीकडून करतो.

हे हवालदार रोज रेघेवर नजर ठेवायला यायचे. बसायचे टपरीच्या बाकावर, म्हणजे तडीपाराच्याच बाजूला, कारण त्या बाजूला सावली होती. कुलूपवाल्याचे पाय रेघेच्या हातभर जवळ गेले की ते नुसते खाकरायचे. चार महिन्यांत दोघांत चांगलं जमलं होतं. त्यांच्या सायकलचं कुलूपही त्याने दुरुस्त करून दिलं होतं, आणि हवालदारांनी तशी नोंद कुठे केली नव्हती.

धंदा चालायचा तो आरोळ्यांवर. बायको किल्ल्या कापायची, सोपी कुलपं उघडायची. अवघड काही आलं की दारात येऊन हाक मारायची.

"अहो, तिजोरीचं आलंय. पिन घातली की मागे ढकलतंय."

"अगं, तेल सोड आधी. आणि गप्प बस पाच मिनिटं."

"मी गप्प बसू?"

"तू नाही, तेल बसू दे."

मधून गाड्या जायच्या. अर्धी वाक्यं गाडीखाली सापडायची. साऱ्या रस्त्याला त्यांच्या घरात काय संपलंय, काय तुंबलंय, कुणाचे गुडघे दुखतायत हे तोंडपाठ झालं होतं.

गुडघे वडिलांचे. बाबांना जिना उतरवत नव्हता. एरवी दर रविवारी मुलगा त्यांना पाठीवर घेऊन खाली दुकानात आणायचा आणि ते गल्ल्यापाशी बसून दिवसभर कुलपं चाचपायचे. आता चार महिने ते वरच्या खिडकीत होते. सुनेला त्यांचं ओझं झेपत नव्हतं, आणि परक्याच्या पाठीवर बसायला त्यांची तयारी नव्हती. "मी काय धान्याचं पोतं आहे?" असं ते विचारायचे, आणि शेजारी मुकाट्याने परत जायचे.

बाबांची नजरही अधू होत चालली होती. म्हणून बापलेकांनी ठरवून घेतलं होतं. सकाळी आठला मुलाने या बाजूने लाल फडकं हलवायचं, बाबांनी काठी वर करायची. पहिले तीन महिने ठीक चाललं. मग एका सकाळी कुलूपवाल्याने फडकं हलवलं आणि बाबांनी काठी वर केली ती भलतीकडेच. त्याने नजरेने माग काढला. बाबा टपालपेटीला नमस्कार करत होते.

तेव्हापासून तो आठ वाजता टपालपेटीला चिकटून उभा राहायचा.

अपील केलेलं होतं. तारीख सोमवारची. वकीलबाई होत्या लहानखुऱ्या, चालताना पुढे झुकलेल्या, जणू वाऱ्याशी भांडण काढायचंय. पहिल्या भेटीत त्यांनी त्याला सुनावणीबद्दल विचारलं होतं.

"गुरुवारी बोलावलं होतं," तो म्हणाला. "इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. माझं नाव विचारलं, बाबांचं नाव विचारलं, 'काही म्हणायचंय का' म्हणाले. मी घसा साफ करतोय तोवर अव्वल कारकुनांनी ड्रॉवरमधून हुकूम काढून हातात ठेवला. थंडगार."

"थंडगार म्हणजे?"

"मशीनमधून आलेला कागद गरम असतो ना. हा थंड होता. ओलसरच म्हणा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"बाई, माझं पोट बोटांवर आहे."

त्यांनी हुकमाची प्रत उजेडाकडे धरली. तारखेच्या जागी गोल शिक्का बसला होता, आणि इतका जोरात, की खालचा आकडा देवालाच ठाऊक.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "माणसाला हद्दीबाहेर घालायचा अधिकार आहे त्यांना, नाही असं नाही. पण तो काही मोकाट सोडलेला बैल नाही. आधी आरोप सांगायचा, मग ऐकायचं, मग ठरवायचं, आणि का ठरवलं ते लिहायचं. हा क्रम उलटा झाला असेल तर हुकूम गेला. मूळ प्रत त्यांच्या फायलीत. अपिलात ती फाईल मागवलीय. ती आली तर सोमवारी निकाल. नाही आली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी."

तीन महिने. तोवर बाबांना टपालपेटीसुद्धा दिसेल की नाही, असं त्याच्या मनात आलं आणि तो चालू लागला.

शुक्रवारी सकाळी रेघेच्या त्या बाजूला एक गृहस्थ येऊन थांबले. हातात छत्री, खिशाला तीन पेनं. अव्वल कारकून. त्यांनी दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला आणि टपरीशी येऊन कुणाशीच न बोलल्यासारखे म्हणाले, "कपाट उघडत नाहीये."

"कुठलं?"

"नोंदी विभागाचं. किल्ली आत तुटली. अर्धी माझ्या खिशात आहे." त्यांनी ती काढून दाखवली, दुधाचा दात दाखवावा तशी.

कुलूपवाल्याने ती घेतली आणि बघताक्षणी ओळखली. बाबांच्या हातची. तीस वर्षांपूर्वी त्या कपाटाला बाबांनी स्वतः घडवलेलं कुलूप बसवलं होतं. उलटं फिरणारं. किल्लीवाचून ते दोघांनाच उघडत होतं, त्यांतले एक वरच्या खिडकीत अडकले होते आणि दुसरा इथे.

"तोडून काढा की," तो म्हणाला.

"तोडायला बांधकाम खात्याची मंजुरी लागते. तीन जणांकडून दर मागवायचे, मग तुलना, मग टिप्पणी. पावसाळ्यापर्यंत होईल." कारकुनांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आणि वरून फाईल मागवलीय. सोमवारी पोचली पाहिजे. बत्तीस वर्षांत माझा एक कागद उशिरा गेलेला नाही. अकरा महिने राहिलेत निवृत्तीला."

"कुणाची फाईल?"

अव्वल कारकून टपरीच्या बरण्यांकडे बघत राहिले. "तुमचीच," ते म्हणाले.

टपरीवाल्याचं दूध उतू गेलं.

हवालदार खाकरले, पण यावेळी कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कुलूपवाल्याचा पाय आपोआप उचलला गेला होता. बावीस पावलं आणि वर तीन गल्ल्या. पण रेघ ओलांडली की अटक, आणि अटक झाली की अपिलाचं वाटोळं.

"लेखी परवानगी आणा," तो म्हणाला.

"परवानगीचे छापील अर्ज कपाटात आहेत," कारकून म्हणाले.

वकीलबाईंना फोन गेला. त्या अर्ध्या तासात पुढे झुकून चालत आल्या. "छापील अर्ज कायद्यात कुठेही नाही. साहेबांनी साध्या कागदावर लिहून सही करावी. फक्त एक गोष्ट. परवानगी का देतो याचं कारण लिहावं. नाहीतर माझा माणूस पाऊल उचलणार नाही."

त्यांनी मागितलेलं कारण कारकुनांना फारसं अवघड वाटलं नाही. पाऊण तासाने ते कागद घेऊन परत आले. साहेब तरुण होते, अक्षर सुरेख होतं आणि मनाने सरळ होते. जे खरं वाटलं ते त्यांनी लिहिलं होतं: सदर इसम कुलपाच्या कामात निष्णात असून कार्यालयाचे कपाट त्याच्या हाती सोपवण्यास आम्हांस कोणताही धोका वाटत नाही, सबब आज दुपारी बारा ते दोन हद्दीत येण्यास परवानगी.

वकीलबाईंनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि पर्स काखेत इतकी घट्ट धरली की बाहेर काढायची तर कोर्टाचाच हुकूम लागला असता. "चला," त्या म्हणाल्या.

कुलूपवाल्याने रेघ ओलांडली. काही झालं नाही. हवालदार मागोमाग आले, त्यांना आज प्रथमच सावली सोडावी लागली. दुकानाच्या दारात बायको उभी होती, हातात कानस.

"आलात?" ती म्हणाली.

"कामाला चाललोय."

"बाबांना सांगू?"

"नको. आधी कपाट."

नोंदींच्या खोलीत जुन्या कागदांचा वास होता. पंखा फिरत होता पण वारा वरच्या वर ठेवत होता. साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, 'बसा' म्हणावं की नाही हे न कळून. कुलूपवाला गुडघ्यांवर बसला. चार महिने त्याची बोटं वळवळत होती, ती आता शांत झाली. तुटका दात चिमट्याने निघाला. मग दोन तारा, कान दाराला, डोळे मिटलेले. उलटं फिरणारं ते कुलूप त्याने बाबांच्या मांडीवर बसून शिकलेलं होतं. चार मिनिटं लागली. आत कुठेतरी खट् झालं.

आणि तो उठला, कपाटाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या घरची रीत आहे. कुलूप उघडलं की पाठ फिरवायची. मालकाने आत बघितल्यावर वळायचं."

ही रीत बाबांची. आत काय आहे हे ज्याला ठाऊक नसतं त्याच्यावर आळ येत नाही, असं ते म्हणायचे. आता या रीतीने आळ कितपत टळतो ते दिसलंच होतं, पण सवय मोडत नव्हती. त्याच्या पाठीमागे सहा फुटांवर त्याची दोन वर्षं पडली होती. मान जराशी वळवली असती तर बस झालं असतं. मान तटतटली. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायला सुरुवात केली.

मागे दार करकरलं. फायली सरकल्या. एक दोरी सुटली. पानं उलटली गेली, एक, दोन, तीन, आणि मग काहीच नाही.

"अरेच्चा," अव्वल कारकून हळूच म्हणाले.

वकीलबाई दारातून पुढे आल्या नाहीत. "काय झालं?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"हुकूम मंगळवारचा आहे," कारकून म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. "सुनावणी गुरुवारची. मी नोटीस आणि हुकूम एकाच बैठकीत टाइप करतो. नाव, पत्ता, हद्द तेच असतं ना. दोन्ही एकदम केलं की वेळ वाचतो. नंतर नुसती सही. बारा वर्षं करतोय."

"म्हणजे यांनी गुरुवारी काय सांगितलं असतं..." वकीलबाईंनी वाक्य साहेबांकडे बघत अर्धं सोडलं.

"सांगितलं कुठे? खाकरले फक्त," कारकून म्हणाले.

साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मंगळवारच्या हुकमावर सही त्यांचीच होती.

कुलूपवाला अजून भिंतीकडे तोंड करून होता. त्याला एवढंच दिसत होतं की आता फाईल कारकुनांच्या हातात आहे, सोमवार तीन दिवसांवर आहे, आणि एका आकड्याचा दुसरा आकडा करायला तीन पेनांतलं कुठलंही पेन पुरेल. वळावं का? मालकाने 'वळा' म्हटल्याशिवाय?

"तुम्ही खरंच बघितलं नाहीत?" कारकुनांनी विचारलं.

"नाही."

"मला वाटलं होतं बघाल." पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. कुलूपवाल्याने डोळे मिटले. कागदावर टोक चाललं, थोडंच, आणि टोपण परत बसलं. "बत्तीस वर्षांत माझा कागद उशिरा गेला नाही," अव्वल कारकून म्हणाले, "आणि माझ्या कागदात खाडाखोडही नाही. जावक क्रमांक घातलाय. आजच्या डाकेने जाईल, आहे तशी. वळा आता."

साडेबारा झाले होते. दोन वाजेपर्यंत परवानगी होती.

जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला. बाबा खिडकीतच होते, तोंड रस्त्याकडे.

"सूनबाई?"

"मी आहे बाबा."

त्यांनी मान वळवली, पण बघितलं ते त्याच्या कानाशेजारी. "किती वेळ?"

"तास-दीड तास."

"कुठलं कुलूप?"

"तुमचंच. उलटं फिरणारं."

"किती लागली?"

"चार मिनिटं."

"मी असतो तर तीन," बाबा म्हणाले. "उचल."

त्याने त्यांना पाठीवर घेतलं. चार महिन्यांत ते हलके झाले होते. ते त्याने बोलून दाखवलं नाही. खाली दुकानात त्यांना गल्ल्यापाशी बसवलं. एकेक कुलूप हातात घेऊन बाबा कोणत्या घराचं ते सांगू लागले आणि बायको 'हो' म्हणत राहिली. पावणेदोनला हवालदार दारात येऊन खाकरले.

"चला बाबा, वर नेतो," तो म्हणाला.

"वर? वर काय ठेवलंय?" बाबांनी काठी उचलली. "मला पलीकडे घेऊन चल. मी कुठे तडीपार आहे? मी कुठेही राहू शकतो."

"आणि मी?" बायको म्हणाली. "मला एकटीला टाकून दोघं निघालात. आणि मला मेलीला कुणी तडीपारही करत नाही, चार दिवस विश्रांती तरी मिळाली असती."

पण तिनेच बाबांची औषधं आणि दुसरं धोतर पिशवीत भरलं आणि पिशवी हवालदारांच्या हातात दिली. दोनला दोन मिनिटं कमी असताना तो बाबांना घेऊन धावतच रस्ता ओलांडून गेला.

पुढचे पाच दिवस म्हातारे टपरीच्या बाकावर होते. मुलगा टपालपेटीपर्यंत जायचा, यायचा. "बस रे," बाबा म्हणायचे. "तुझ्या पावलांनी डोकं उठलंय." तो बसायचा आणि दुसऱ्या क्षणी उठायचा. सोमवारी वकीलबाई सकाळी गेल्या त्या अंधार पडायच्या जरा आधी आल्या. फाईल पोचली होती, वेळेत. मंगळवारची तारीख बघितली गेली होती. त्यानंतर त्यांनी पर्समधून साहेबांचा सुरेख अक्षरातला कागद काढून पुढे ठेवला होता. "वाचताना अपील ऐकणारे अधिकारी हसले नाहीत," त्या म्हणाल्या, "पण दोन वेळा पाणी प्यायले. निकाल लेखी येईल."

तो बुधवारी आला. हवालदारांनी स्वतः वाचून दाखवला, बाकावरून उठून, टोपी नीट करून. हुकूम रद्द. ऐकून घेण्याआधी ठरवून ठेवलेला निर्णय हा निर्णय नव्हे. ज्या इसमापासून वस्तीच्या मालमत्तेला धोका आहे असे अधिकारी म्हणतात, त्याच्या हाती तेच अधिकारी आपले कपाट बिनदिक्कत देतात, तेव्हा धोका नेमका कशाला होता हे समजून येत नाही. बाकी चार ओळी होत्या, त्या हवालदारांनी घाईत वाचल्या.

"मग आता मी उद्यापासून कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

"इथेच बसा. सावली आहे," टपरीवाला म्हणाला.

कुलूपवाल्याने बाबांना पाठीवर घेतलं. पलीकडे दुकानाच्या दारात बायको कानस घेऊन उभी होती; हाक मारायची सवय झाल्यामुळे ती तिथूनच ओरडली, "सावकाश." तो रस्त्यात उतरला. मधोमध आल्यावर बाबांनी काठीने त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

"थांब जरा."

"बाबा, गाड्या येतायत."

"येऊ दे. चार महिने मी ती रेघ वरून शोधत होतो. कुठे आहे ती?"

"आपण तिच्यावरच उभे आहोत."

बाबा मान खाली घालून बराच वेळ बघत राहिले. मागे एका बसने भोंगा वाजवला, मग दुसऱ्या गाडीने.

"मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले.

"पुसट झालीय," हवालदार टपरीवरून म्हणाले. "रंग मारायला सांगितलंय खात्याला."